एकच गिऱ्हाईक, एकच काटा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावाचा विषय आपल्याला नवा नाही. पण आज त्या विषयाकडे जरा लांबच्या वाटेने जायचे आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला लेसोथो नावाचा देश आहे. त्या देशाच्या डोंगरात सेमोंकाँग म्हणून गाव आहे. तिथे कापूस होत नाही. थंडी एवढी, की ज्वारीचेही जमत नाही. तिथले लोक मेंढ्या आणि लांब केसांच्या अंगोरा बकऱ्या पाळतात आणि त्यांची लोकर विकतात. कापूसवाल्यांनी लोकरवाल्यांची गोष्ट कशाला ऐकायची, असे कोणी विचारील. २०१८ साली त्यांच्या सरकारने कोणता नियम केला ते पुढे सांगू. तो ऐकला की पुढच्या रांगेत बसलेली ही म्हातारी मंडळी आधी हसतील आणि मग कपाळाला हात लावतील.

आधी मुलूख समजून घेऊ. नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात एक गोल ठिपका दिसतो, तो लेसोथो. चारी बाजूंनी दुसऱ्याचा देश. मीठ आणायचे तरी दुसऱ्याच्या वेशीतून. क्षेत्रफळ तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढे. एकट्या अमरावती विभागात तो देश मावेल आणि वर जागा उरेल. माणसे तेवीस लाखांच्या आसपास. उंची मात्र अशी, की त्या देशाचा सर्वांत सखल कोपरासुद्धा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरवर आहे. आपण ज्याला थंड हवेचे ठिकाण म्हणतो ते चिखलदरा अकराशे मीटरवर. सेमोंकाँग २,२०० मीटरच्याही वर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाचशे मीटर चढावे, तेव्हा कुठे त्या गावाची वेस लागेल.

डोंगर काळ्या दगडाचे आहेत. लाव्हा थिजून झालेला दगड, आपल्यासारखाच. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांचा अठरा कोटींचा, एवढाच फरक. काळा दगड झिजून काळी माती होते हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्याकडे ती सपाटीला साचून राहिली, तिथे उतारावरून वाहून जाते. गावोगावी रानात घळी पडल्या आहेत. त्यांना तिकडे डोंगा म्हणतात. बैलजोडी आत उतरली तर वरून दिसणार नाही इतक्या खोल काही आहेत.

सेमोंकाँग या शब्दाचा अर्थ धुराची जागा. गावाजवळ मालेत्सुन्याने नावाची नदी १९२ मीटर खाली एका उडीत कोसळते, आणि तुषारांचा लोट लांबून धुरासारखा दिसतो. हल्ली परदेशी पाहुणे येतात आणि तिथल्या कड्यावरून दोरीने खाली सोडून घेण्यासाठी पैसे मोजतात. आपल्याकडे विहिरीत उतरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते, तिथे उतरणाराच पैसे देतो. जगात काय काय चालते!

घरे गोल, दगडाची, वर गवताचे छप्पर. जमीन शेणाने सारवलेली. झाडे नाहीत म्हणून चुलीला वाळलेले शेण. हे सगळे बायांच्या हाताचे काम, हेही आपल्यासारखेच. जून-जुलैत, आपली पेरणी चालू असते तेव्हा, तिथे हिवाळा असतो आणि बर्फ पडते. माणसे बारा महिने जाड लोकरीचे ब्लँकेट पांघरून असतात आणि लहान चणीच्या काटक घोड्यावरून फिरतात. मासेरू ही राजधानी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण डांबरी सडक गावाला पोचली ती अलीकडे, २०१० नंतर. त्याआधी खडकाळ वाट, घोडा, गाढव, आणि मोठ्या माणसांसाठी गवतातली धावपट्टी.

पिके म्हणाल तर गहू, वाटाणा, बटाटा, थोडा मका. ज्वारी खालच्या पट्ट्यात होते. तिला ते माबेले म्हणतात आणि तिचे पीठ आंबवून मोतोहो नावाची आंबट पेज करतात. म्हणजे आपली आंबीलच. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच, तिथूनच ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तेव्हा आंबील त्यांनी आपल्यापासून शिकली असे कोणी म्हणू नये.

पण पैसा देते ती लोकर. उन्हाळ्यात जनावरे आणखी वरच्या कुरणांवर नेतात. तिथे दगडाच्या खोपटात राखणीला पोरे असतात, कित्येक तर आठ-दहा वर्षांची. त्यांची शाळा बुडते ती कायमची. खालची काही कुरणे हंगामापुरती बंद ठेवण्याची पद्धत आहे. गावचा प्रमुख जाहीर करतो, आणि मुदत संपेपर्यंत तिथे कोणी जनावर घालत नाही. घातले तर दंड. ही पद्धत कुठल्या खात्याने शिकवलेली नाही. जमीन मालकीची नसते, ती राष्ट्राची समजली जाते आणि प्रमुख ती कसायला वाटून देतो. १९७९ आणि २०१० च्या कायद्यांनी पट्टे देण्याची सोय केली, पण डोंगरात अजून मुख्यतः जुनाच रिवाज चालतो. चोरीचा त्रास फार. रात्रीत कळपच्या कळप सीमेपलीकडे जातो.

एवढे वर्णन ऐकून तुमच्या मनात काय आले ते आम्ही सांगतो. लांबचे गाव, वाट नाही, म्हणून गरीब. सडक पोचली, बाजार पोचला की सुधारेल. अहो, जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांच्या मनातही हेच आले होते. ते कसे फसले ते सांगतो. पण त्याआधी मागची शंभर वर्षे पाहावी लागतील.

धान्याचे कोठार होते

त्या देशातल्या लोकांना बसोथो म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना मोश्वेश्वे नावाचा राजा मिळाला. १८२४ साली तो थाबा बोसिऊ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेला आणि आजूबाजूच्या लढायांतून पळून आलेल्या टोळ्यांना त्याने आसरा दिला. तो डोंगर शत्रूला कधी घेता आला नाही. गड राखून राज्य उभे करणारा राजा म्हटल्यावर मराठी माणसाला अधिक सांगावे लागत नाही.

गड राहिला, पण शेती गेली. शेजारच्या फ्री स्टेटमधल्या गोऱ्या बोअर शेतकऱ्यांशी १८६५ पासून लढाई झाली आणि कॅलेडन नदीच्या पश्चिमेकडची उत्तम काळीभोर जमीन बोअरांनी घेतली. १८६८ साली मोश्वेश्वेने इंग्रजांचे संरक्षण घेतले. राज्य वाचले, गहू-ज्वारीची सपाटी वाचली नाही. आजही सीमेवर उभे राहिले की पलीकडे ट्रॅक्टरची शेते दिसतात आणि अलीकडे डोंगर. डोंगर त्यांनी हौसेने निवडलेला नाही.

आता नीट लक्ष द्या. एवढी जमीन जाऊनसुद्धा हे लोक भिकेला लागले नाहीत. १८७० च्या सुमारास किंबर्लीला हिऱ्यांच्या खाणी निघाल्या, हजारो माणसे गोळा झाली, त्यांना खायला धान्य हवे होते. ते बसोथोंनी पुरवले. नांगर घेतले, बैल घेतले, गाड्या घेतल्या. मका, ज्वारी, गहू आणि लोकर भरून गाड्या सीमेपलीकडे जात. कुठली अनुदाने नाहीत, कुठला कृषी विस्तार अधिकारी नाही. गिऱ्हाईक होते, भाव होता, वाट मोकळी होती. शेतकरी पिकवायला तयारच असतो, त्याला प्रबोधनाची गरज लागत नाही.

मग काय झाले? रेल्वे आली. १८८५ साली किंबर्लीपर्यंत रूळ पोचले आणि त्या रुळांवरून अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे स्वस्त धान्य आले. पाठोपाठ बोअर राज्यांनी बसोथोंच्या धान्यावर जकात बसवली, कारण त्यांच्या गोऱ्या शेतकऱ्यांना स्पर्धा नको होती. इकडून परदेशी धान्याची लोंढ्यासारखी आवक, तिकडून जकातीचे नाके. त्यात इंग्रजांचा झोपडीमागे कर, तोही रोख पैशात. धान्य विकले जाईना, कर तर भरायचा. मग बापे उठले आणि खाणीत गेले.

आपल्याकडे १९५६ पासून पी.एल. ४८० चा अमेरिकन गहू आला तेव्हा इथल्या धान्याच्या भावाचे काय झाले, हे संघटनेच्या शिबिरांतून आपण पुष्कळदा मांडले आहे. रेशनवर दोन-तीन रुपयांत आणि आता फुकट मिळणाऱ्या गहू-तांदळाने ज्वारीची काय गत केली तेही घरोघरी माहीत आहे. भाकरी खाणारा माणूस पोळीवर गेला आणि ज्वारी पेरणारा सोयाबीनवर.

सेमोंकाँग गाव वसले ते याच धामधुमीच्या काळात. १८८० साली केप सरकारने हुकूम काढला की बसोथोंनी बंदुका जमा कराव्यात. ह्या बंदुका त्यांनी हिऱ्याच्या खाणीतल्या मजुरीवर घेतलेल्या होत्या. त्यांनी नकार दिला. सात-आठ महिने लढाई झाली आणि सरकारला ती जिंकता आली नाही. पण लढाईत उठलेली माणसे डोंगरात वर सरकली, आणि धुराच्या जागेला वस्ती झाली. म्हणजे ज्या गावाला आपण जगापासून तुटलेले म्हणतो, ते गाव जगातल्या भांडणानेच वसलेले आहे.

पुढची कहाणी खाणीची. १९७० आणि ८० च्या दशकांत एक लाखाहून अधिक बसोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत होते. गावात बाया, म्हातारे आणि पोरे. बाई नांगर धरायची, बाई पेरायची, आणि जमीन मात्र बाप्याच्या नावावर. मायबहिणींनो, लक्ष्मीमुक्तीचा विषय तिथेही आहे बरे का. खाणमजुराचा पगारसुद्धा पुरता त्याच्या हाती पडत नव्हता. १९७४ च्या कायद्याने त्यातला मोठा हिस्सा सक्तीने लेसोथोच्या बँकेत जमा होई आणि गावी परतल्यावर मिळे. १९९० च्या दशकात सोन्याचे भाव पडले, खाणींनी माणसे कमी केली, आणि हजारो बापे फुप्फुसाचा रोग घेऊन घरी आले.

तज्ज्ञ आले

आता ते तज्ज्ञ. १९७५ साली जागतिक बँकेने लेसोथोवर अहवाल लिहिला. त्याचा सूर असा, की हा परंपरेने पोटापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा देश आहे, आधुनिक जगाचा त्याला जवळजवळ स्पर्शच झालेला नाही. शंभर वर्षे ज्यांनी खाणीला धान्य पुरवले, नंतर खाणीला माणसे पुरवली, त्यांना म्हणे जगाचा स्पर्श नाही!

सेमोंकाँगच्या ईशान्येला थाबा त्सेका म्हणून डोंगरी जिल्हा आहे. तिथे १९७५ ते १९८४ कॅनडाच्या पैशाने मोठा प्रकल्प चालला. सडक करू, सुधारित जनावरे देऊ, कुरणाला कुंपण घालू, म्हणजे लोक गुरांचा धंदा करायला लागतील, अशी योजना. सडक झाली. सडकेने काय झाले? बाहेरचे स्वस्त धान्य वर आले. सरकारी कचेऱ्या वर आल्या. वरून खाली काही विशेष गेले नाही. कुरणाचे कुंपण सुधारित जनावरे असलेल्या थोड्या लोकांसाठी होते. बाकीच्यांनी ते तोडले आणि फाटके उचलून नेली.

साहेब म्हणाले, हे लोक अडाणी, गुरे विकत नाहीत, गुरांवर आंधळी माया करतात. जेम्स फर्ग्युसन नावाच्या एका अभ्यासकाने तिथे राहून पाहिले आणि १९९० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याला दिसले ते असे. खाणीत गेलेला माणूस आपली कमाई गुरांत घालून ठेवतो. रोख पैसा घरात असला तर तो उद्या खर्च होतो, शेजारी मागतात, पोरे मागतात. गाय मात्र उभी राहते. खाणीतून परत आल्यावर म्हातारपणी तीच त्याची पेन्शन. घरी राहिलेल्या बाईला ती विकता येत नाही, यावरून घरोघर भांडणेही होतात. मग असा माणूस बाजारभाव जरा चढला म्हणून पेन्शन विकील का? हिशेब पक्का होता. साहेबांना तो वाचता आला नाही, कारण अडाणीपणा हे उत्तर त्यांनी येतानाच आणले होते. कर्जबाजारी शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे सांगणारे आपल्याकडे कमी आहेत काय?

पाण्याचेही थोडक्यात सांगतो. २४ ऑक्टोबर १९८६ ला दक्षिण आफ्रिकेशी करार झाला. तेव्हा लेसोथोत लष्कराचे राज्य होते. काट्से नावाचे १८५ मीटर उंचीचे धरण बांधले आणि १९९८ पासून डोंगराचे पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. सरकारला रॉयल्टी मिळते. ज्यांची कुरणे आणि शेते बुडाली ते भरपाईच्या खिडकीशी वर्षानुवर्षे उभे राहिले. त्या प्रकल्पाचा मुख्य अधिकारी २००२ साली लाचखोरीत दोषी ठरून तुरुंगात गेला, एवढे तरी तिथे झाले. आपल्याकडच्या सिंचनाच्या फायली आठवून ज्याने त्याने काय ते समजावे.

आणि लायसेन्सचा एक नमुना. डोंगरात मक्याच्या ओळीत गांजा लावण्याची जुनी चाल आहे. बेकायदा, पण चार पैसे देणारी. २०१७ साली लेसोथोने औषधी गांजाच्या लागवडीला परवाना दिला, आफ्रिकेत सर्वांत आधी. परवान्याची फी अशी ठेवली की डोंगरातला कास्तकार तिच्या जवळपासही जाऊ नये. परदेशी कंपन्यांनी काचघरे उभारली. पीक तेच. कंपनीचे कायदेशीर, शेतकऱ्याचे गुन्हा.

लोकरीचा एकाधिकार

आता मूळ मुद्द्यावर येतो.

लेसोथोची लोकर चांगली आहे. मेरिनो मेंढीची बारीक लोकर, आणि अंगोरा बकरीचे मोहेर. मोहेरच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिकेच्या पाठोपाठ लेसोथोचा नंबर लागतो. विकण्याची पद्धत अशी बसली होती. वसंत ऋतूत, म्हणजे आपल्या सप्टेंबरपासून पुढे, शेतकरी मेंढ्या हाकत कातरणीच्या शेडवर आणायचा. तिथे लोकर कातरली जाई, वर्गवारी होई, दाबून गाठी बांधल्या जात. गाठी दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ बंदराला जात (२०२१ साली त्या शहराचे नाव बदलले आहे). तिथे खुला लिलाव. बोली लावणारे अनेक. लिलावानंतर ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे आणि प्रतीप्रमाणे चुकारा. पद्धतीत खोटी नव्हती असे नाही. वाहतूक कापली जाई, दलाली कापली जाई. पण शेतकऱ्याला भाव कळायचा आणि पैसा यायचा. पोरांची फी, घरातला मका, सगळे त्या एका चुकाऱ्यावर.

२०१८ साली सरकारने नियम काढला. लोकर आणि मोहेर देशाबाहेर नेऊन विकायचे नाही. दलाली, व्यापार, लिलाव, सगळे देशातच, आणि तेही परवानाधारकाकडूनच. परवाना मिळाला तो थाबा बोसिऊच्या एका केंद्राला, एका चिनी व्यापाऱ्याच्या. नियम मोडील त्याला शिक्षा. कारण काय सांगितले? आपला कच्चा माल बाहेर का जावा, आपल्याच देशात प्रक्रिया होऊ दे, पोरांना काम मिळू दे, मधला दलाल जाऊ दे.

हसा, हसा. हे शब्द तुम्ही कुठे ऐकले आहेत?

१९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी. महाराष्ट्रातला कापूस महाराष्ट्र सरकारनेच घ्यायचा. शेतकऱ्याने दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सोडवायचा म्हणून ती योजना आली, आणि सुरुवातीला आपल्या पुष्कळ लोकांना ती खरोखर आधाराची वाटली, हे कबूल केले पाहिजे. पुढे काय झाले? ग्रेडरची मर्जी, काट्यावरची रांग, बैलगाडीखाली काढलेल्या रात्री, हप्त्याहप्त्याने येणारा चुकारा. पलीकडे मध्य प्रदेशात, गुजरातेत भाव जास्त असला की सीमेवर नाकी, आणि आपलाच कापूस नेणारा शेतकरी तस्कर. २००२ साली खासगी व्यापाऱ्याला दार उघडेपर्यंत तीस वर्षे हे चालले.

सेमोंकाँगवाल्यांना तीस वर्षे लागली नाहीत, पहिल्याच हंगामात कळले. लोकर केंद्रात गेली आणि पैसा येईना. महिने गेले. कोणाला आला तो कमी आला, कोणत्या प्रतीला काय भाव लागला त्याचा मेळ बसेना. विचारायचे कोणाला? लिलाव समोर नाही, दुसरे गिऱ्हाईक नाही. दुकानदाराची उधारी थकली, पोरे शाळेतून काढली गेली. काहींनी रातोरात गाढवांवर लोकर लादून सीमा ओलांडली. पोलीस मागे लागले. आपल्या मेंढीची लोकर विकायला निघालेला माणूस तिथेही तस्कर झाला.

मग त्यांची लोकर आणि मोहेर उत्पादकांची संघटना उठली. कोर्टात गेली, संसदेत गेली, आणि जून २०१९ मध्ये हजारो शेतकरी मासेरूच्या रस्त्यावर उतरले. डोंगरातली माणसे, अंगावर ब्लँकेट, हातात काठी. मागणी गुंतागुंतीची नव्हती. भाव ठरवून द्या असे ते म्हणाले नाहीत, अनुदान मागितले नाही. आमची लोकर कुठे विकायची ते आम्ही ठरवू, आणि थकलेला पैसा द्या. सरकारला नियम सैल करावे लागले आणि गाठी पुन्हा बंदराच्या लिलावाकडे जाऊ लागल्या. त्या वेळचे प्रधानमंत्री टॉम थाबाने २०२० साली पायउतार झाले, पण त्याची कारणे वेगळी होती. ते आंदोलनाच्या खात्यावर जमा धरू नये. आपल्या चळवळीत असे उसने यश मिरवण्याची खोड काहींना आहे, म्हणून सांगितले.

देशातच प्रक्रिया व्हावी हा विचार वाईट आहे काय? मुळीच नाही. मासेरूच्या कारखान्यांत डोंगरातल्या हजारो पोरी जीनच्या विजारी शिवतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या मालावर पन्नास टक्के कर जाहीर केला, तेव्हा त्या गावांची झोप उडाली. पुढे ऑगस्टमध्ये तो पंधरा टक्क्यांवर आला. रोजगार कोणाला नको आहे? पण कारखाना चालवायचा तर त्याने बाजारात उतरून, चार बोलींच्या वर पाचवी बोली लावून माल घ्यावा. शेतकऱ्याचे पाय बांधून त्याच्या दाराशी आणून टाकलेल्या मालावर जो कारखाना उभा राहतो, त्याला कार्यक्षम होण्याची गरजच पडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या बंद पडलेल्या सहकारी सूतगिरण्यांची भुयारे पाहून या.

मात्र खुल्या लिलावातही एक धोका आहे, आणि तो आम्ही लपवणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लोकरीचे मोठे गिऱ्हाईक चीन. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत जनावरांना लाळ्या-खुरकुत झाली म्हणून चीनने एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत लोकर घेणे बंद केले. लिलावाचा सगळा रागरंग बदलला. सेमोंकाँगच्या गाठीही त्याच लिलावातल्या. सरकारने एकच गिऱ्हाईक ठेवले तर फास बसतो हे आपण शिकलो. बाजारानेही एकच मोठे गिऱ्हाईक उरवले तर काय, याचे उत्तर त्यांच्याकडे अजून नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठले तेव्हा आपण जे अनुभवले, त्यावरून आपल्याकडे तरी आहे असे आम्हाला वाटत नाही.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. लोकरीची वर्गवारी गाठ बांधण्याआधी होते, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच डोंगरातल्या शेडमध्ये. पाठीची लोकर वेगळी, पोटाची वेगळी, मळकी वेगळी. प्रतीवरून भांडायचे ते तिथेच भांडून होते. आपण पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, पावसात भिजलेला आणि फरदडीचा कवडी कापूस एकाच गाडीत कोंबतो, शंभर किलोमीटर नेतो आणि तिथे ग्रेडरशी वाद घालतो. ज्या गावांत दहा-वीस घरे एकत्र येऊन वेचणीप्रमाणे ढीग वेगळे ठेवायला, नमुने घ्यायला आणि एकत्र बोली बोलवायला तयार असतील, त्यांनी आजच तालुका प्रमुखांकडे नावे द्यावीत. ताडपत्र्या कोणी आणायच्या, काटा कोणाचा वापरायचा, आणि बोलीला किती व्यापारी आले म्हणजे माल सोडायचा, हे तीन प्रश्न आधी ठरवावे लागतील. आमच्या मते तीनपेक्षा कमी व्यापारी आले तर गाडी सोडू नये. बोला, तुमचे काय म्हणणे आहे?